कर्णा, खर्ज आणि कसोटी: वऱ्हाडाच्या आवाजाचा इतिहास

१/ डिसेंबर १८९७. अमरावतीत काँग्रेसचे तेरावे अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी सी. शंकरन नायर होते. प्रांतोप्रांतींचे प्रतिनिधी मंडपात बसले होते. परंतु सभेसाठी विद्युत ध्वनिक्षेपक तेव्हा जगात कोठेही वापरात नव्हता. वक्त्याचा गळा हेच एकमेव साधन होते. आज त्याच शहरातील एखाद्या दिवाणखान्यात कर्ण्याचे स्पीकर, सबवूफर आणि डिजिटल प्रोसेसर शेजारी शेजारी मांडलेले आढळतात. ही तीन साधने तीन निरनिराळ्या उणिवांतून जन्मली. तो इतिहास ध्यानी घेतला, तरच त्यांची तुलना न्याय्य ठरते.

२/ प्रथम शब्द पाहू. ‘कर्णा’ हे मुळात तुतारी आणि शिंगाच्या कुळातील फुंकवाद्य. ग्रामोफोन आला तेव्हा त्याच्या फाकलेल्या तोंडाला मराठीने हेच नाव दिले आणि पुढे ते ध्वनिक्षेपकाकडे गेले. नाव अचूक होते, कारण फुंकवाद्य आणि ध्वनिक्षेपक या दोहोंच्या मुळाशी एकच युक्ती आहे: अरुंद तोंडातील दाब हळूहळू रुंदावत मोकळ्या हवेला सोपवणे.

३/ यंत्र येण्यापूर्वीही वऱ्हाडाने आवाज दूर नेण्याची कला साधली होती. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. वाक्ये आखूड, बोली रोजच्या वापरातली. शेकडो कंठांनी दिलेले उत्तर शेवटच्या रांगेपर्यंत सहज पोहोचे. यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन करीत. खंजिरीच्या चकत्यांचा तीक्ष्ण, उंच नाद गर्दीच्या गलक्यातूनही कानाला चटकन सापडतो.

४/ यंत्राची पहिली अडचण शक्तीची होती. साध्या ध्वनिक्षेपकाचा कागदी शंकू विजेच्या शक्तीपैकी जेमतेम १ टक्का ध्वनीत बदलतो. बाकीची उष्णता होऊन जाते. कर्णा जोडला की पडद्याची हवेवरची पकड घट्ट होते आणि हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. ज्या काळी प्रवर्धक मोजक्याच वॉटचे असत, त्या काळी हा फरक निर्णायक होता. १९३० च्या दशकात मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ने काँग्रेसच्या सभांना जे कर्णे पुरवले, त्यांचे बळ यातच होते.

५/ कर्ण्याची दुसरी बाजू खर्जाची. कर्णा जितका खालचा स्वर वाजवणार, तितके त्याचे तोंड मोठे हवे. ढोबळ नियम असा की तोंडाचा परीघ त्या स्वराच्या तरंगलांबीएवढा असावा. ३०० हर्ट्झसाठी सुमारे ३६ सेंटीमीटर व्यासाचे तोंड पुरते. ४० हर्ट्झसाठी तेच गणित पावणेतीन मीटरच्या आसपास जाते. सभेतील कर्ण्यातून भाषण स्पष्ट येते आणि मृदंगाचा धुमा हरवतो, तो यामुळे.

६/ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला आणि पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ने मराठी पडदा बोलका केला. बोलपट वऱ्हाडात आले आणि पडद्यामागे कर्णे उभे राहिले. मध्यप्रांत व वऱ्हाड हा प्रांत नकाशावरून गेला, तरी चित्रपट-व्यवसायाच्या वितरणात ‘सीपी-बेरार’ हा विभाग टिकून राहिला. अनेक पिढ्यांनी मोठा, भरदार आवाज प्रथम ऐकला तो चित्रपटगृहातच.

७/ त्याच दशकात हॉलिवूडमध्ये एक पेच उभा राहिला. टॅप नृत्यातला बुटाचा एकच ठोका दोनदा ऐकू येई. खर्जाचा कर्णा दुमडलेला आणि लांब होता, वरच्या स्वरांचा आखूड; एकाच ठोक्याचे दोन भाग निरनिराळ्या वेळी पोहोचत. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, हे लक्षात घेतले की घोटाळा उलगडतो. एमजीएमच्या ध्वनिविभागाने १९३० च्या दशकाच्या मध्यास ‘शिअरर’ कर्णा घडवला, त्यात हे अंतर कमी केले होते. आजचा डिजिटल प्रोसेसर हेच काम आकड्यांनी करतो: जो भाग आधी पोहोचतो, त्याला क्षणभर थोपवून धरतो.

८/ घरात एवढा कर्णा मावणार कसा? अमेरिकेतील पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात उत्तर शोधले: कर्णा दुमडून खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा आणि दोन भिंतींनाच त्याचे पुढचे तोंड बनवायचे. सबवूफरची वाट वेगळी. त्याने काटकसर सोडली आणि मुबलक वीज खर्चून खर्ज मिळवला. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’ चित्रपटासाठी प्रेक्षागृहात खास खर्जयंत्रे बसवली गेली. पुढे हा विचार घरोघरी पोहोचला.

९/ आता कसोटी. १९१५ पासून एडिसन कंपनी अंधाऱ्या सभागृहात गायिका आणि तबकडी आळीपाळीने ऐकवी. श्रोत्यांना फरक कळत नाही, असा दावा असे. त्या प्रयोगांत गाणाऱ्या ॲना केस यांनी पुढे सांगितले की, त्या आपला आवाज यंत्राच्या बेताने आवरून धरीत. म्हणजे परीक्षेत यंत्र माणसाला गाठत नव्हते. माणूस यंत्रापर्यंत खाली येत होता.

१०/ घरातील तुलनेतही असाच दोष शिरतो. समजा, एका वॉटवर कर्णा १०५ डेसिबल देतो आणि साधा स्पीकर ८७. हा १८ डेसिबलचा फरक भरून काढण्यास साध्या स्पीकरला सुमारे ६४ पट शक्ती लागेल. प्रवर्धकाची कळ न हलवता दोन्ही ऐकले, तर मोठा आवाज हमखास ‘चांगला’ वाटतो. म्हणून प्रथम ध्वनिमापकाने पातळी समान करावी आणि यंत्रे पडद्याआड ठेवावीत. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांच्या प्रयोगांत यंत्र दिसत असतानाचे मत आणि न दिसता दिलेले मत वेगळे पडले होते.

११/ खोलीलाही मोजमापात धरावे लागते. बारा फुटी चौरस खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज दोन्ही दिशांनी एकाच वेळी फुगतो. एका जागी घुमतो, दुसरीकडे नाहीसा होतो. प्रोसेसर फुगवटा कापू शकतो. जेथे परावर्तित लहरी मूळ लहरीला पुसून टाकतात, तेथे कितीही शक्ती ओतली तरी खड्डा भरत नाही. सबवूफर दोन हात सरकवणे हाच तेथे खरा इलाज.

१२/ हीच त्रयी मालमोटारीवर चढली की तिला ‘डीजे’ म्हणतात. अकोल्यात श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे जल कावडीने राजराजेश्वराला येते. त्या वाटेचा जुना नाद ढोलाचा आणि जयघोषाचा. अशा मिरवणुकांच्या गावांत आता ध्वनिभिंतींचा प्रश्न उभा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. कामगार-आरोग्याचा एक प्रचलित निकष सांगतो: ८५ डेसिबल आठ तास, तर १०० डेसिबल केवळ पंधरा मिनिटे. गेलेली श्रवणशक्ती कोणताही प्रोसेसर परत देत नाही.

१३/ शक्ती कमी होती तेव्हा कर्ण्याने शब्द शेवटच्या माणसापर्यंत नेला. आज शक्ती अमाप आहे, म्हणून कसोटी उलट बाजूनेही लावावी लागेल: शेवटच्या रांगेत शब्द कळतो का, आणि पहिल्या रांगेतील मुलाचा कान शाबूत राहतो का? दोन्ही उत्तरे होकारार्थी आली, तरच ते यंत्र उत्तम.