वर्ध्याच्या उन्हात बसून बर्फाचे हातमोजे घेताय? स्कीइंगसाठी लेदर ग्लोव्हज निवडण्याआधी हे वाचा

वर्धा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? सेवाग्राम, पवनार आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जाणारा पारा. इथं वर्षातले दहा महिने स्वेटर पेटीत पडून असतो. अशा जिल्ह्यात बर्फात घालायचे हातमोजे कोण विकत घेणार, असं तुम्ही म्हणाल. पण घेणारे आहेत. सेवाग्राम स्टेशन दिल्ली-चेन्नई लाईनवर आहे. दिल्लीहून पुढे गुलमर्ग, मनाली किंवा औली गाठून स्कीइंग शिकणाऱ्यांत आता विदर्भातली मुलंमुलीही दिसतात. गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे. दोन्हीकडे नवशिक्यांसाठी कोर्स असतात.

कोर्सला जायचं ठरलं की सामानाची यादी येते आणि त्यात एक ओळ हमखास असते: उबदार, वॉटरप्रूफ हातमोजे. खरी अडचण इथूनच सुरू होते. वर्ध्यात कोणताही जाड हातमोजा घातला की दोन मिनिटांत हाताला घाम फुटतो, म्हणजे घरी प्रत्येकच जोडी उबदार वाटते. तिची खरी परीक्षा होते ती १,५०० किलोमीटर लांब, डोंगरावर, जिथं दुसरी जोडी घ्यायला दुकान नसतं. त्यामुळे घालून बघण्याच्या भरवशावर न राहता हातमोजा कसा बनतो हे समजून घेऊनच निवड करावी लागते.

डोंगरावर किती थंडी असते?

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून साधारण २,६५० मीटरवर आहे. तिथल्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवाट डोंगरावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो. दर १,००० मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे खाली शून्य अंश असेल तर वर उणे ८ च्या आसपास.

त्यात वारा मिसळतो. उणे १० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा असेल तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २० सारखी लागते. आणि स्की करताना वारा नसला तरी तुम्ही स्वतःच वेगात असता, म्हणजे हातांवर वारा येतोच.

थंडी वाढली की शरीर आधी हृदय, फुप्फुसं, मेंदू सांभाळतं आणि हातापायांच्या बोटांकडे जाणारं रक्त कमी करतं. म्हणून सगळ्यात आधी बोटं गारठतात. बधिर झालेली बोटं तशीच राहिली तर कातडीतलं पाणी गोठू लागतं. यालाच हिमदंश म्हणतात. तो वाढला तर बोट गमवावं लागू शकतं. हातमोज्याकडे फॅशनची वस्तू म्हणून बघू नका, ते एवढ्यासाठी.

ऊब चामड्यातून येत नाही

अनेकांचा समज असतो की चामडं जाड म्हणजे हातमोजा गरम. खरं तर ऊब धरून ठेवते ती आतल्या भरणात अडकलेली स्थिर हवा. आपली गोधडी किंवा कापसाची रजाई याच तत्त्वावर चालते. चामड्याचं काम वेगळं आहे: वारा अडवणं, घासणं-कापणं सोसणं आणि स्कीच्या काठीवर पकड देणं.

आता दुसरी गोष्ट. हवेच्या तुलनेत पाणी साधारण २५ पट जास्त उष्णता वाहून नेतं. रजाई भिजली की तिची ऊब जाते, तसंच हातमोज्याचं. म्हणून चांगल्या हातमोज्यात तीन थर असतात.

बाहेर चामडं: झीज, वारा आणि पकड यांसाठी.

मध्ये पाणी अडवणारा पातळ पडदा: बर्फाचं पाणी आत येऊ देत नाही, पण घामाची वाफ बाहेर सोडतो. गोर-टेक्स हे यातलं सर्वात प्रसिद्ध नाव. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनचा पदार्थ झटक्यात ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला, त्यातून हे कापड आलं.

आत भरण आणि अस्तर: लोकर, फ्लीस किंवा कृत्रिम तंतू. थिन्सुलेट, प्रायमालॉफ्ट ही नावं लेबलवर दिसतात ती याच भरणाची. प्रायमालॉफ्ट १९८० च्या दशकात अमेरिकन सैन्यासाठी तयार झालं, कारण पिसांचं भरण भिजलं की निकामी व्हायचं. नवशिक्या दिवसभर पडतो आणि हात टेकवून उठतो. त्यामुळे त्याच्यासाठी थोडं भिजलं तरी ऊब टिकवणारं कृत्रिम भरण किंवा लोकर बरी.

यातला मधला पडदा नसेल तर चामड्याला मेण लावून काम भागतं, पण ते वारंवार लावावं लागतं.

मग चामडंच का घ्यायचं?

टिकाऊपणासाठी. स्कीच्या कडा पोलादी आणि धारदार असतात. स्की खांद्यावर टाकून नेताना, बूट अडकवताना, ओढणाऱ्या लिफ्टचा दांडा धरताना तळहात सतत घासला जातो. साध्या नायलॉनचा हातमोजा तिथंच आधी फाटतो. अमेरिकेतल्या स्की रिसॉर्टवर लिफ्ट चालवणारे कामगार कित्येक वर्षं डुकराच्या चामड्याचे साधे कामाचे हातमोजे मेण लावून वापरत आले आहेत. स्वीडनची हेस्ट्रा ही नावाजलेली कंपनी १९३६ मध्ये सुरू झाली तीही लाकूडतोड्यांच्या हातमोज्यांपासून.

कोणतं चामडं घ्यावं?

बकरी: पातळ, मऊ आणि तरीही चिवट. बोटं सहज वळतात. स्कीइंगसाठी सगळ्यात समतोल पर्याय.

गाय-म्हैस: जाड आणि दणकट, पण सुरुवातीला ताठ. हाताला बसायला थोडे दिवस लागतात.

डुक्कर: भिजून वाळलं तरी फारसं कडक होत नाही, म्हणून कामाच्या हातमोज्यांत जास्त.

मेंढी: अतिशय मऊ, पण लवकर फाटतं. शहरातल्या थंडीसाठी ठीक, स्कीसाठी नाही.

लेबलवर 'फुल ग्रेन' लिहिलेलं असेल तर कातड्याचा वरचा सर्वात मजबूत थर तसाच ठेवला आहे असं समजा. 'स्प्लिट' म्हणजे खालचा थर. तो स्वस्त असतो, पण पाणी लवकर शोषतो. 'जेन्युइन लेदर' याचा अर्थ फक्त खरं चामडं एवढाच, तो दर्जाचा शिक्का नाही. आणि 'पीयू लेदर' हे चामडंच नाही. कापडावर दिलेला तो प्लास्टिकचा थर असतो. कडक थंडीत तो ताठरतो आणि दुमडल्या जागी तडकतो.

कोल्हापुरी चप्पल इतकी टिकते, मग त्या चामड्याचे हातमोजे का नसतात? असाही प्रश्न पडेल. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावतात. ते चपलेच्या तळाला हवं तसं घट्ट होतं. हातमोज्याला मऊ, लवचीक चामडं लागतं, म्हणून बहुतांश हातमोजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचे असतात.

वर्ध्याचं आणि चामड्याचं जुनं नातं

हा विषय वर्धेकरांना परका नाही. १९३४ च्या डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत आलं. त्याच काळात जवळच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकर चर्मालय चालवत होते. तिथं कत्तलीऐवजी नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांचं कातडं कमावलं जाई. गांधीजी या कामाकडे दोन अंगांनी पाहत: गावाची संपत्ती वाया जाऊ नये, आणि हे काम करणाऱ्यांवरचा अस्पृश्यतेचा शिक्का पुसला जावा.

आजही अनेक घरांत 'चामडं कशाचं आहे?' हा प्रश्न आधी विचारला जातो. तो रास्त आहे, म्हणून लेबलवर प्राण्याचं नाव नसेल तर विक्रेत्याला विचारा. चामडं नकोच असेल तर तळहाताला मजबूत कृत्रिम कापडाचा दुहेरी थर आणि मध्ये पाणी अडवणारा पडदा असलेले हातमोजे मिळतात. ते चामड्याइतकी वर्षं टिकत नाहीत, पण एका कोर्ससाठी पुरेसे ठरतात.

बोटांचे की मिटन?

मिटनमध्ये अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असतात. बोटं एकमेकांना ऊब देतात, म्हणून त्याच जाडीच्या हातमोज्यापेक्षा मिटन जास्त गरम. ज्यांचे हात नेहमीच गार पडतात त्यांनी मिटन घ्यावेत. पण नवशिक्याला दिवसातून कितीदा तरी बुटाचे बकल लावायचे असतात, चेन ओढायची असते. त्यासाठी बोटांचे हातमोजे सोयीचे. आत घालायला पातळ लोकरीचे मोजे वेगळे घ्या. बाहेरचा हातमोजा क्षणभर काढला तरी हात उघडा पडत नाही.

माप घरी कसं घ्यायचं?

अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळहाताभोवती शिवणाची टेप गुंडाळा. जेवढे इंच, साधारण तेवढा नंबर. २० सेंटिमीटर म्हणजे ८ नंबर, २३ सेंटिमीटर म्हणजे ९. आत पातळ मोजे घालणार असाल तर ते घालूनच मोजा.

हातमोजा आल्यावर या चाचण्या करा:

१. मूठ आवळा. बोटांच्या सांध्यांवर ताण आला तर माप लहान आहे. घट्ट हातमोज्यात रक्तप्रवाह अडतो आणि भरण दाबलं जाऊन त्यातली हवाही निघून जाते. म्हणजे घट्ट हातमोजा जाड असूनही गारच.

२. बोटं सरळ करा. टोकाला अर्धा सेंटिमीटर मोकळी जागा हवी. त्याहून जास्त असेल तर काठीवरची पकड ढिली होते.

३. घाम आलेला हात बाहेर काढा. अस्तर बोटांसोबत उलटून बाहेर आलं तर ती जोडी परत करा. बर्फात ते पुन्हा आत घालणं फार जिकिरीचं होतं.

४. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा बघा. तिथं चामड्याचा दुसरा तुकडा आणि दुहेरी शिवण हवी. हातमोजा सर्वात आधी तिथंच फाटतो.

५. फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली हातमोजा घालून पाच मिनिटं घट्ट धरा. यातून वाऱ्याचा अंदाज येत नाही, पण तळहाताकडचं भरण किती पातळ आहे ते लगेच कळतं.

६. मनगट बघा. जॅकेटच्या बाहीवर चढणारा लांब कफ आणि मनगटात अडकवायची दोरी, दोन्ही हवं. दोरी नसेल तर वाऱ्यात उडालेला हातमोजा परत मिळत नाही.

काही हातमोज्यांवर 'ईएन ५११' हा युरोपीय मानकाचा शिक्का आणि खाली तीन आकडे असतात. पहिला आकडा थंड हवेसाठी, दुसरा थंड वस्तू धरण्यासाठी, दोन्ही ० ते ४ मध्ये. तिसरा पाण्यासाठी, १ म्हणजे पाणी अडतं. आकडे जितके मोठे तितकं चांगलं.

बाईकचे किंवा वेल्डिंगचे लेदर ग्लोव्हज चालतील का? नाही. बाईकच्या हातमोज्यांना बहुतेक वेळा हवेसाठी छिद्रं असतात आणि वेल्डिंगच्या हातमोज्यांना पाणी अडवणारा थर नसतो.

हातमोजे चांगले असूनही बोटं गार का पडतात?

छाती-पोट गारठलं की शरीर बोटांचं रक्त तोडतं, म्हणून टोपी आणि जॅकेट नीट हवं. पोटात अन्न हवं. अंगठ्या काढून ठेवा. आणि एक खास आपल्याकडची सूचना: खर्रा, तंबाखू, सिगारेट बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटांना रक्त आणखी कमी मिळतं. थंडी पळवायला रम हाही चुकीचा उपाय आहे. दारूने कातडीला गरम वाटतं, पण शरीराची उष्णता बाहेर पडते. मधुमेह असेल किंवा गारव्यात बोटं पांढरी पडण्याचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

बोट बधिर होऊन पांढरट किंवा राखाडी दिसू लागलं तर थांबा, प्रशिक्षकाला सांगा, आडोशाला जा आणि हात काखेत धरा. बर्फाने चोळू नका, शेगडीवर धरू नका. बधिर बोटाला चटका बसलेला कळत नाही. संवेदना लवकर परत आली नाही तर थेट डॉक्टर गाठा.

परत आल्यावर काय करायचं?

ओले हातमोजे हीटरवर किंवा वर्ध्याच्या उन्हात टाकू नका. चामडं आक्रसतं आणि भेगाळतं. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत, पंख्याखाली वाळवा. नंतर मधमाशीच्या मेणाचं लेदर वॅक्स पातळ चोळा, शिवणींवर जरा जास्त. खोबरेल तेल लावू नका, त्याने चामडं ढिलं पडतं.

आपल्याकडे चामड्याला थंडीपेक्षा पावसाळा जास्त छळतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बंद कपाटात बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी सुती पिशवीत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा हवा द्या. एवढं केलं तर एकदा घेतलेली जोडी पुढच्या अनेक हिवाळ्यांत, घरातल्या पुढच्या शिकणाऱ्यालाही कामी येते.