अर्धी शाळा आणि संमतीपत्राचा कागद

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहांच्या तारखा आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. एखाद्या छापील चिठोऱ्यालाही इतिहास असू शकतो, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. नोव्हेंबर २०२० पासून पुढे सुमारे सव्वा वर्ष महाराष्ट्रातील लाखो घरांत असा एक कागद येऊन गेला. त्याचे नाव संमतीपत्र. आपल्या पाल्यास शाळेत पाठविण्यास आपली हरकत नाही, अशा अर्थाचा मजकूर आणि खाली पालकाची सही. काही घरांत ही सही वडिलांनी केली, काही घरांत आईने, आणि काही घरांत तो कागद कोराच राहिला. कोरोनाच्या साथीचा इतिहास पुढे लिहिला जाईल तेव्हा रुग्णांचे आकडे येतील, लसींची नावे येतील. त्यात या कागदालाही थोडी जागा मिळावी, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

मार्च २०२० च्या मध्यास शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता. तो आधी पुढे ढकलला गेला आणि मग रद्दच झाला. त्या दिवसांत शाळेविषयी कोणाची फारशी तक्रार नव्हती. मालेगावात, धारावीत माणसे जगण्यामरण्याच्या विवंचनेत होती, यंत्रमाग थांबले होते, हातावर पोट असणाऱ्यांच्या चुली कशाबशा पेटत होत्या. अशा वेळी मुलाच्या उजळणीची आठवण कोणाला येणार? शिवाय शिक्षकांची स्थितीही पालकांहून वेगळी नव्हती. घरोघर सर्वेक्षण करणे, नाक्यावर उभे राहणे, स्वस्त धान्याच्या दुकानावर देखरेख करणे, ही कामे त्यांच्या वाट्याला आली आणि त्यात काहींनी जीवही गमावले. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही.

पालकांची खरी कुरकुर सुरू झाली ती शाळा बंद झाली तेव्हा नव्हे, तर ती अर्धी उघडली तेव्हा. हे वाचून काहींना नवल वाटेल. बंद शाळेचे दुःख सर्वांचे सारखे होते, निदान तसे वाटत तरी होते. अर्ध्या शाळेने मात्र घराघरांतला फरक उघडा केला.

२३ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यात नववी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास मुभा मिळाली. निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपविलेला होता, आणि मुंबईने शाळा बंदच ठेवल्या. जेथे शाळा उघडल्या तेथे नियम असे होते : एका दिवशी निम्मेच विद्यार्थी, उरलेले दुसऱ्या दिवशी. शाळा जास्तीत जास्त चार तास. मधली सुट्टी नाही, डबा नाही. गणित, विज्ञान, इंग्रजी असे विषय वर्गात, बाकीचे घरी फोनवर. आणि या सर्वांच्या आधी पालकाचे लेखी संमतीपत्र. पहिल्या दिवशी राज्यभरात सुमारे तीन लाख विद्यार्थी वर्गात बसले. महाराष्ट्रासारख्या राज्यात चार इयत्तांचे मिळून विद्यार्थी किती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही संख्या किती थोडी होती ते सांगावे लागणार नाही. पालक घाबरले होते, आणि घाबरायला कारणही होते. २७ जानेवारी २०२१ पासून मुंबईबाहेर पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले. पण दुसऱ्या लाटेने ते फार दिवस चालू दिले नाहीत. त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही. निकाल मात्र लागला, आणि तो ९९.९५ टक्के होता. पेढे वाटणाऱ्या घरांतही त्या आकड्याकडे पाहून लोक थोडे ओशाळत होते.

आता या अर्ध्या शाळेचा हिशेब एका घरात बसून पाहू. आमच्या वस्तीत एक आपा राहतात. त्यांना तीन मुले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले तेव्हा त्यांची थोरली मुलगी दहावीत, मधला मुलगा आठवीत आणि धाकटा तिसरीत. मुलीचा हजेरीपटावरील क्रमांक विषम, म्हणून ती सोमवार, बुधवार, शुक्रवारी जाई. मुलाचा क्रमांक सम, म्हणून तो मंगळवार, गुरुवार, शनिवारी जाई. ती सकाळच्या पाळीत, तो दुपारच्या. धाकट्याची शाळा बंदच. घरात मोठ्या पडद्याचा फोन एक, आणि तो वडिलांबरोबर कामावर जाणारा. ज्या दिवशी मुलगी घरी, त्या दिवशी तिचे राहिलेले विषय फोनवर, पण फोन घरी येई रात्री नऊला. आपा आधी दोन घरी स्वयंपाकाला जात असत. ते काम त्यांनी सोडले, कारण कोणत्या दिवशी कोण किती वाजता घरी असेल याचा मेळ बसेना. शाळा पूर्ण बंद असताना त्यांना जेवढी ओढाताण झाली नव्हती तेवढी आता झाली. संमतीपत्रावर त्यांनी सही केली होती. पण वार, वेळ, विषय, फी यांपैकी एकाही गोष्टीत त्यांची संमती कोणी विचारली नव्हती.

मला वाटते, पालकांच्या संतापाचे मूळ येथे होते. कागदावर निर्णय त्यांचा होता आणि प्रत्यक्षात जबाबदारी तेवढी त्यांची होती. अर्धी शाळा म्हणजे उरलेली अर्धी शाळा कोणीतरी घरी चालवायची. त्यासाठी एक रिकामे मोठे माणूस हवे, एक फोन हवा, बसायला एक कोपरा हवा. ज्याच्या घरात या तिन्ही गोष्टी होत्या त्याला ती गैरसोय वाटली. ज्याच्या घरात यांपैकी एकही नव्हती त्याची मुले अर्धी नव्हे, जवळजवळ पूर्ण शाळेला मुकली. उर्दू माध्यमाच्या मुलांची आणखी एक अडचण. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' नावाची चांगली मालिका लागत असे, पण ती मराठीतून. बालभारतीची उर्दू पुस्तके घरात होती, समजावून सांगणारे कोणी नव्हते. दुपारच्या खिचडीऐवजी कोरडे तांदूळ आणि कडधान्य मिळाले, तेही घरीच शिजवायचे. बारकाईने पाहिले तर शाळेचे एकेक काम असे घराकडे सरकत होते.

साथीच्या काळातील शाळेचा हा पेच नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गावी गेली. त्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. पण शाळा उघडी ठेवावी की बंद, हा वाद नीट मांडलेला पाहायचा असेल तर १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या वेळच्या न्यूयॉर्ककडे जावे लागते. तेथील आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांनी इतर बहुतेक शहरांच्या उलट शाळा चालू ठेवल्या. त्यांचा युक्तिवाद साधा होता. शहरातील सुमारे दहा लाख मुलांपैकी साडेसात लाख मुले दाटीच्या चाळवजा इमारतींत राहतात. शाळेची इमारत त्यांच्या घरांपेक्षा स्वच्छ व मोकळी आहे, आणि तेथे शिक्षक व परिचारिका त्यांना रोज तपासतात. शाळा बंद केली तर ही मुले गल्लीत आणि अंधाऱ्या खोल्यांत राहतील. शिकागो आणि न्यू हेवन या शहरांनीही तेव्हा शाळा चालू ठेवल्या होत्या. कोपलँड यांच्यावर टीका पुष्कळ झाली, आणि ते सर्वस्वी बरोबरच होते असा दावा मी करीत नाही. प्रत्येक साथीचा स्वभाव निराळा असतो. पण शाळेचा विचार करताना आधी मुलांची घरे कशी आहेत ते त्यांनी पाहिले, ही गोष्ट मला मोलाची वाटते. कुर्ल्याची किंवा भिवंडीची दहा बाय बाराची खोली ज्याने पाहिली आहे त्याला या युक्तिवादाचे वजन कळेल.

त्याच शिकागोत १९३७ साली पोलिओची साथ आली तेव्हा सप्टेंबरमध्ये शाळा उघडता आल्या नाहीत. तेव्हा रेडिओवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ दिले गेले, त्यांचे वेळापत्रक वर्तमानपत्रांतून छापले गेले आणि पालकांच्या शंकांसाठी दूरध्वनीवर शिक्षक बसविले गेले. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता त्यांचे काय, हा प्रश्न तेव्हाही निघाला. मात्र तेथे हा प्रकार काही आठवड्यांत आटोपला.

आणि २०२० मध्ये पुन्हा न्यूयॉर्क. या खेपेस तेथे मुले आठवड्यातून काही दिवस वर्गात आणि उरलेले दिवस घरी, अशी व्यवस्था होती. १८ नोव्हेंबर २०२० रोजी दुपारी जाहीर झाले की उद्यापासून शाळा बंद, कारण चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण तीन टक्क्यांवर गेले आहे. उपाहारगृहे मात्र चालूच होती. मुलाला उद्या कोणाजवळ ठेवायचे, हा प्रश्न तेथील आयांनाही संध्याकाळी सहा वाजता पडला. श्रीमंत देशातील आई आणि आमच्या आपा, दोघींची कैफियत एकच निघाली, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

आपल्याकडील २०२१ चा ऑगस्ट महिना पालक सहजी विसरणार नाहीत. शाळा सुरू कराव्यात का, असे शिक्षण विभागाने जुलैमध्ये विचारले तेव्हा ऐंशी टक्क्यांहून अधिक पालकांनी होय म्हटले होते. (हे मत ऑनलाइन नोंदवायचे होते, म्हणजे ज्याच्याजवळ फोन नाही त्याचे मत त्यात येणे कठीणच. गंमत नव्हे, खरी गोष्ट आहे.) १७ ऑगस्टपासून शाळा उघडणार, असा आदेश निघाला. लोकांनी गणवेश शोधून काढले. दीड वर्षात ते आखूड झाले होते. तोच कृती दलाच्या तज्ज्ञांनी हरकत घेतली आणि एक-दोन दिवसांत आदेश स्थगित झाला. तज्ज्ञांची भीती निराधार नव्हती, दुसरी लाट नुकतीच ओसरली होती. पण ज्यांनी उसने पैसे आणून नवे गणवेश शिवायला टाकले त्यांना हे कोण सांगणार?

सप्टेंबर २०२१ मध्ये ज्याँ द्रेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे चौदाशे गरीब मुलांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. खेड्यांतील केवळ ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती, ३७ टक्के मुले काहीच शिकत नव्हती, आणि खेड्यांतील ९७ टक्के पालकांना शाळा उघडायला हवी होती. ही पाहणी घरोघर जाऊन केलेली होती, फोनवरून नव्हे.

मुंबईत सर्वांत लहान मुलांची पाळी सर्वांत शेवटी आली. २२ ऑक्टोबर २०२१ पासून चित्रपटगृहे निम्म्या आसनांनी सुरू झाली. पहिली ते सातवीचे वर्ग मात्र १५ डिसेंबरला उघडले. एकवीस महिन्यांनी! पहिलीतल्या मुलाने शाळेचे फाटक प्रथमच पाहिले, आणि दुसरीतल्यानेही. मग ओमायक्रॉन आला आणि ४ जानेवारी २०२२ पासून शाळा पुन्हा बंद. म्हणजे एकवीस महिने वाट पाहून मिळालेली शाळा वीस दिवसांत गेली, आणि त्यातही नाताळची सुट्टी. या वेळी पालक गप्प बसले नाहीत. मॉल उघडे, उपाहारगृहे रात्री दहापर्यंत उघडी, मग शाळाच का बंद, असे ते उघडपणे विचारू लागले. वर्षभरापूर्वी संमतीपत्र कोरे परत करणारे पालकही त्यांत होते. २४ जानेवारीपासून मुंबईच्या शाळा उघडल्या, पुण्यात १ फेब्रुवारीला लहान वर्ग अर्ध्या दिवसापुरते सुरू झाले, आणि मार्चच्या आरंभी मुंबईत शाळा पूर्वीसारख्या पूर्ण भरू लागल्या.

फीविषयी दोन शब्द. १२ ऑगस्ट २०२१ रोजी शासनाने त्या वर्षाच्या फीत पंधरा टक्के सवलतीचा निर्णय काढला. अर्धी शाळा आणि पंचाऐंशी टक्के फी, हे गणित पालकांना पटले नाही, आणि शिक्षकांचे पगार कोठून द्यायचे हे संस्थाचालकांना सुचेना. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या. आमच्यासारख्या थोड्या फीच्या संस्था या भांडणात मधल्यामध्ये भरडल्या गेल्या.

नुकसान किती झाले? 'असर' या देशव्यापी पाहणीत २०१८ साली भारतातील तिसरीच्या २७.३ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता. २०२२ साली २०.५ टक्क्यांना. महाराष्ट्रात घसरण त्याहून मोठी होती. आपांचा धाकटा २०२२ च्या जूनमध्ये चौथीत गेला तेव्हा तो अक्षर ओळखून, बोट ठेवून, थांबत थांबत वाचत असे. पुढे त्याच्या बहिणीने त्याला रोज अर्धा तास घेऊन बसायचे ठरविले, आणि ते पाळले.

त्या बहिणीची दहावीची परीक्षा १५ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. मार्च २०२० मध्ये जी मुले आठवीत होती त्यांची ही तुकडी. मंडळाने अभ्यासक्रम पाव हिश्श्याने कमी केला होता, परीक्षा केंद्र ज्याच्या-त्याच्या शाळेतच दिले होते, आणि मोठ्या पेपरांना अर्धा तास वाढवून दिला होता, कारण दोन वर्षांत मुलांची लिहिण्याची सवय मोडली होती. पहिल्या पेपरच्या दिवशी आपा फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभ्या होत्या. नेहमीच्या वेळेला घंटा झाली आणि कोणी बाहेर आले नाही, तेव्हा त्या घाबरून शिपायाला विचारायला गेल्या. वाढीव अर्ध्या तासाची गोष्ट मुलीने त्यांना सांगितलीच नव्हती.