एका तासाचा माणूस

आमच्या भंडाऱ्यात रोवणीच्या दिवसांत पहाटे न उठणारा आळशी ठरतो. पण तीव्र नैराश्यात अनेकांना सकाळच सर्वांत जड जाते. संध्याकाळी जरा हलकं वाटतं.

१९८० मध्ये ॲना विर्झ-जस्टिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतले ॲड्रेनर्जिक रिसेप्टर, म्हणजे रासायनिक निरोप झेलणारे रेणू, दिवसरात्र ठरावीक वेळांना मोजले. संख्या वेळेनुसार कमीजास्त होत होती. इमिप्रामिन या नैराश्यावरच्या औषधाने तो तालही बदलला. म्हणजे एकाच वेळी घेतलेला आकडा अपुरा.

उंदरांवरून माणसाच्या सकाळचा पूर्ण उलगडा होत नाही. तरी मला वाटतं, उंदराचा मेंदूसुद्धा एका तासावरून कळत नसेल, तर पहाटेवरून माणसाला आळशी कसं ठरवायचं?