ऑस्टिओपॅथिक वैद्यकीय महाविद्यालयाची निवड (अमेरिका)

अमेरिकेतील ‘डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन’ (डीओ) या पदवीसाठी एकाहून अधिक महाविद्यालयांनी प्रवेश देऊ केल्यावर उमेदवाराने त्यांतून एकाची करावयाची निवड. बहुतेक डीओ महाविद्यालयांसाठी एकच सामायिक अर्ज असतो (टेक्सासमध्ये राज्याची वेगळी व्यवस्थाही आहे), पण त्यापुढचे सगळे सुटे असते. प्रत्येक महाविद्यालय आपला पुरवणी अर्ज मागवते, आपली मुलाखत घेते आणि आपल्या वेळेने निर्णय कळवते. त्यामुळे एक देकार ऑक्टोबरमध्ये, दुसरा जानेवारीत आणि तिसरा मार्चमध्ये हाती येऊ शकतो. महाराष्ट्रात सीईटी कक्षाच्या प्रवेशफेऱ्यांत पसंतीक्रम आधी भरतात आणि नीटच्या गुणवत्ता क्रमांकानुसार जागा मिळते. अमेरिकेत जागा आधी मिळते आणि पसंती नंतर ठरवावी लागते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आईवडिलांचा स्वतःचा अनुभव म्हणूनच या टप्प्यावर फारसा कामाला येत नाही.

पदवीच्या दर्जाबद्दलची शंका आधी दूर केलेली बरी. डीओ हा अमेरिकेत पूर्ण परवानाधारक डॉक्टर असतो. तो औषधे लिहून देतो, शस्त्रक्रिया करतो आणि एमडी या तेथील दुसऱ्या मूळ वैद्यकीय पदवीच्या डॉक्टरप्रमाणेच कोणत्याही शाखेत विशेषज्ञ होऊ शकतो. ब्रिटन, फ्रान्स किंवा भारतात ‘ऑस्टिओपॅथ’ म्हणून हाताने उपचार करणारे व्यावसायिक असतात, त्यांच्याशी या पदवीची गल्लत होऊ नये. अमेरिकेत आज वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या दर चार विद्यार्थ्यांपैकी किमान एक डीओ महाविद्यालयात शिकतो. अस्थी व स्नायूंच्या हस्तोपचारांचे सुमारे २०० तासांचे जादा शिक्षण सर्वच डीओ महाविद्यालयांत असते. ते सगळीकडेच असल्यामुळे, एक डीओ महाविद्यालय सोडून दुसरे घेताना हा निकष उपयोगी पडत नाही.

खरा फरक पडतो तो तिसऱ्या आणि चौथ्या वर्षात, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. ऑस्टिओपॅथीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८–१९१७) यांची तीन मुले १८६४ मध्ये मस्तिष्कावरणदाहाने दगावली. तत्कालीन औषधोपचारांवरचा त्यांचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्यांनी ऑस्टिओपॅथी ही आपली पद्धती जाहीर केली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्कस्व्हिल येथे पहिले महाविद्यालय काढले. पुढे अनेक दशके एमडींच्या रुग्णालयांत डीओंना प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःची रुग्णालये उभारली आणि विद्यार्थी तेथेच शिकले. १९६०च्या दशकात चित्र पालटू लागले. कॅलिफोर्नियात १९६१–६२ मध्ये दोन्ही व्यवसायांचे विलीनीकरण झाले. तेथील डीओंना ६५ डॉलर भरून एमडी पदवी मिळाली, त्यांचे महाविद्यालय एमडी महाविद्यालय झाले आणि राज्यात नव्या डीओंना परवाने देणे बंद झाले. ते १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा सुरू झाले. १९६६ मध्ये सैन्यदलांनी डीओंना वैद्यकीय अधिकारी म्हणून घ्यायचे ठरवले आणि १९७३ मध्ये मिसिसिपीने परवाना दिल्यावर, कॅलिफोर्नियातील बंदी सोडली तर, सर्व राज्ये खुली झाली. दरवाजे उघडले तशी वेगळ्या रुग्णालयांची गरज संपली. त्यांतील बरीचशी नंतर बंद पडली किंवा मोठ्या रुग्णालय-समूहांत विलीन झाली. म्हणजे समानता मिळाली, पण महाविद्यालयांच्या हातातली शिकवणारी रुग्णालये गेली. आजची बहुसंख्य डीओ महाविद्यालये स्वतःच्या रुग्णालयाविना चालतात आणि करार केलेल्या, कधी शेकडो मैल दूर असलेल्या रुग्णालयांत व दवाखान्यांत आपले विद्यार्थी पाठवतात.

भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनुसार वैद्यकीय महाविद्यालयाला संलग्न रुग्णालय असावेच लागते. त्या सवयीने पाहणाऱ्या पालकांना हा प्रश्न सुचतच नाही. नवी कोरी इमारत, शरीररचनेची प्रयोगशाळा आणि मॅनिकिनवर सराव करण्याचे दालन पाहून ते समाधानाने परततात. पहिली दोन वर्षे त्या इमारतीत जातात हे खरे, पण डॉक्टर घडतो तो त्यानंतर.

तिसऱ्या वर्षी अंतर्गत वैद्यक, शल्यक्रिया, बालरोग, स्त्रीरोग व प्रसूती, मानसोपचार आणि कुटुंबवैद्यक या विषयांची अनिवार्य रोटेशने (प्रत्यक्ष रुग्णांमध्ये पाळीपाळीने होणारे शिक्षण) असतात. कागदावर ती सर्वत्र सारखी दिसतात. प्रत्यक्षात अंतर्गत वैद्यकाचे रोटेशन एका ठिकाणी मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात होते: सकाळची फेरी, रेसिडेंट डॉक्टरांची तुकडी, रात्री दाखल झालेल्या रुग्णाची माहिती स्वतः मांडणे. दुसऱ्या ठिकाणी तेच रोटेशन एका प्रीसेप्टरच्या (शिकवण्याचे काम सोपवलेल्या डॉक्टरच्या) खासगी दवाखान्यात, बाह्यरुग्णांच्या मागे उभे राहून संपते. चांगला प्रीसेप्टर एकट्या विद्यार्थ्याला भरपूर शिकवतो, आणि प्रसूतीच्या किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलाशी त्याला जो वाव मिळतो तो गर्दीच्या शिक्षण-रुग्णालयात मिळत नाही. पण पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या, म्हणजे रेसिडेन्सीच्या, पहिल्या दिवशी ज्या वॉर्डात काम करायचे, तसा वॉर्ड आधी कधीच पाहिला नसेल तर ती उणीव भरून काढायला फार कष्ट पडतात. विचारायला हवे ते असे: अंतर्गत वैद्यक आणि शल्यक्रिया दाखल रुग्णांवर शिकवतात का? तेथे रेसिडेंट आहेत का? रोटेशनची ठिकाणे लॉटरीने ठरतात की पसंतीने? वर्षभर एकाच गावी राहता येते की दर महिन्याला बिऱ्हाड हलवावे लागते? एखाद्या रुग्णालयाने करार मोडला तर पर्याय कोणता? उत्तरे प्रवेश कार्यालयापेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून घ्यावीत. मुलाखतीच्या दिवशी भेटणारे विद्यार्थी बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे असतात, आणि रोटेशन त्यांनीही अजून पाहिलेले नसते.

चौथ्या वर्षाचे महत्त्व वेगळे आहे. ज्या रुग्णालयात रेसिडेन्सी हवी तेथे महिनाभर काम करून स्वतःला दाखवायचे, याला ‘ऑडिशन रोटेशन’ म्हणतात. त्यासाठी महाविद्यालय किती महिने मोकळे देते आणि कागदपत्रे किती तत्परतेने पुरवते, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. रोटेशनची रचनाही महाविद्यालयागणिक बदलते. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे महाविद्यालय १९६९ मध्ये पाँटिॲक येथे सुरू झाले. सरकारी विद्यापीठातील ते पहिले डीओ महाविद्यालय. राज्यभरातील रुग्णालयांचे त्याचे जाळे जुने आहे. ॲरिझोनात मेसा येथील ए. टी. स्टिल विद्यापीठाच्या महाविद्यालयाने उलट वाट धरली: विद्यार्थी दुसऱ्या वर्षापासूनच देशभरातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत जातात. गरीब वस्त्यांत प्राथमिक आरोग्यसेवा करायची असेल त्याला ही रचना मनापासून आवडेल. ज्याला न्यूरोसर्जन व्हायचे आहे त्याने ती विचारपूर्वक घ्यावी.

महाविद्यालये जाहीर करतात त्या आकड्यांपैकी ‘प्लेसमेंट’चा (रेसिडेन्सीत जागा मिळालेल्यांचा) आकडा सर्वांत फसवा आहे. तो बहुतेक ठिकाणी ९८–९९ टक्क्यांच्या घरात असतो. रेसिडेन्सीच्या जागा वाटणाऱ्या राष्ट्रीय मॅचमध्ये मात्र २०२५ साली अंतिम वर्षाच्या डीओ विद्यार्थ्यांपैकी ९२.६ टक्क्यांना जागा मिळाली (एमडी ९३.५ टक्के). मॅच हुकल्यावर उरलेल्या जागांसाठी होणाऱ्या घाईच्या फेरीत मिळालेली जागाही प्लेसमेंटमध्ये धरली जाते, आणि पुढची हमी नसलेले एक वर्षाचे प्राथमिक पदही. शिवाय जे मधल्या वर्षांत गळाले किंवा मागे राहिले ते या हिशेबात येतच नाहीत. म्हणून प्लेसमेंटसोबत दोन आकडे मागावेत: पहिल्या वर्षी दाखल झालेल्यांपैकी किती जण चार वर्षांत पदवीधर झाले, आणि डीओंच्या परवाना-परीक्षेत, म्हणजे ‘कॉमलेक्स’मध्ये, पहिल्याच प्रयत्नात किती उत्तीर्ण झाले. मॅचची यादी वाचताना एखाद्या नामांकित रुग्णालयाच्या नावावर न भाळता, आपल्याला हव्या त्या शाखेत दरवर्षी किती जण जातात ते मोजावे. डीओंपैकी अर्ध्याहून अधिक प्राथमिक आरोग्यसेवेच्या शाखांत जातात. त्वचारोग, न्यूरोसर्जरी यांसारख्या चुरशीच्या शाखांत डीओंची वाट अजूनही अरुंद आहे.

२०१५ ते २०२० या काळात डीओ आणि एमडींच्या रेसिडेन्सी एकाच मान्यतामंडळाखाली आल्या. तेव्हापासून स्पर्धेसाठी अनेक डीओ विद्यार्थी कॉमलेक्सबरोबर एमडींची यूएसएमएलई परीक्षाही देतात. २०२२ पासून दोन्ही परीक्षांच्या पहिल्या टप्प्यात गुण न देता फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागतो, त्यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या गुणांना वजन आले आहे. दोन्ही परीक्षांच्या तयारीसाठी महाविद्यालय सलग किती आठवडे मोकळे ठेवते, हा म्हणूनच निकडीचा प्रश्न आहे.

पैशाचा निकष २०२६ पासून अधिक कठोर झाला. सरकारी डीओ महाविद्यालये मोजकीच आहेत (मिशिगन, ओहायो, ओक्लाहोमा, टेक्सास, वेस्ट व्हर्जिनिया, न्यू जर्सी इत्यादी राज्यांत) आणि राज्यातील रहिवाशांना त्यांची फी बरीच कमी पडते. खासगी महाविद्यालयांत फी आणि राहणीखर्च मिळून वर्षाला ८०,००० डॉलरच्या पुढे जाणे नेहमीचे. पूर्वी केंद्र सरकारच्या ‘ग्रॅड प्लस’ कर्जातून हा संपूर्ण खर्च भागवता येई. ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्याने, १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ती सोय बंद झाली. व्यावसायिक अभ्यासक्रमाला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर ही केंद्रीय कर्जाची मर्यादा ठरली. ८०,००० डॉलर खर्चाच्या महाविद्यालयात चार वर्षांत १,२०,००० डॉलरची तूट पडते. ती खासगी कर्जाने भरायची तर बहुधा आईवडिलांना जामीन राहावे लागते, आणि सार्वजनिक सेवेत दहा वर्षे काम केल्यावर मिळणारी कर्जमाफी खासगी कर्जाला लागू नाही. दोन देकार इतर बाबतींत बरोबरीचे असतील तर स्वस्त महाविद्यालय घ्यावे, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. कर्जाच्या ओझ्याखाली बालरोग सोडून जास्त कमाईची शाखा निवडावी लागणे हे रुग्णांचेही नुकसान आहे. एच-४ व्हिसावर वाढलेल्या मुलांची अडचण आणखी मोठी: नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल तर केंद्रीय कर्ज मिळत नाही, आणि अनेक महाविद्यालये त्यांचा अर्जच विचारात घेत नाहीत.

नव्या महाविद्यालयाचा देकार हा नाजूक विषय आहे. गेल्या वीस वर्षांत डीओ महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. पहिली तुकडी पदवीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत नव्या संस्थेला पूर्ण मान्यता मिळत नाही, आणि तोवर मॅचची यादी नसते व परीक्षांचे निकालही फारसे नसतात. प्रवेश घेणारा विश्वासावर घेतो. मान्यतामंडळ अशा संस्थेला राखीव निधी बाजूला ठेवायला लावते, त्यामुळे शिक्षण अर्ध्यावर सुटण्याचा धोका कमी होतो. तरीही हाती जुना देकार असताना नवे महाविद्यालय घ्यायचे तर रोटेशनचे लेखी करार पाहिल्याशिवाय घेऊ नये. नवे महाविद्यालय बड्या रुग्णालय-समूहाने किंवा जुन्या विद्यापीठाने काढले असेल तर गोष्ट वेगळी. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाने २०२० मध्ये चेरोकी राष्ट्राच्या साथीने टॅलेक्वा येथे केंद्र उघडले; आदिवासी राष्ट्राशी संलग्न असे ते देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय. त्याच्यामागे विद्यापीठही होते आणि चालते रुग्णालयही.

शिकवण्याची पद्धत स्वभावाप्रमाणे निवडावी. लेक एरी महाविद्यालयाच्या फ्लोरिडातील ब्रेडन्टन केंद्रात व्याख्यानांऐवजी लहान गटात एकेक रुग्णकथा सोडवत शिकतात. याच महाविद्यालयात प्राथमिक आरोग्यसेवेसाठी तीन वर्षांचा मार्गही आहे. हजेरीची सक्ती, हवामान, घरापासूनचे अंतर या गोष्टी गौण वाटतात, पण आजारी आईवडील किंवा जोडीदाराची नोकरी असेल तर त्या गौण राहत नाहीत.

देकार स्वीकारताना जागा राखण्यासाठी अनामत रक्कम भरावी लागते. एमडी महाविद्यालयांत ती साधारणपणे लहान व परत मिळणारी असते. डीओ महाविद्यालयांत हजार-दोन हजार डॉलर किंवा अधिक, आणि अनेकदा परत न मिळणारी. हंगामाच्या सुरुवातीला मिळालेल्या देकाराला मुदत मोठी असते, उशिरा मिळालेल्याला दोनच आठवडे असू शकतात. एखाद्या एमडी महाविद्यालयाच्या प्रतीक्षायादीवर नाव असल्यास अनामत भरून वाट पाहणे रीतसर आहे. निर्णय पक्का होताच उरलेल्या महाविद्यालयांना लेखी नकार कळवावा. त्या जागांसाठी प्रतीक्षायादीतील उमेदवारांना वर्ग सुरू होईपर्यंत, म्हणजे जुलै–ऑगस्टपर्यंत, बोलावणी जात असतात. वर्ग सुरू झाल्यावर मात्र महाविद्यालय बदलणे जवळजवळ अशक्य असते: अभ्यासक्रमांचा क्रम जुळत नाही, आणि बदलीसाठी कुटुंबातील गंभीर अडचणीसारखे कारण दाखवावे लागते.