मेहता, विजया

मेहता, विजया : (४ नोव्हेंबर १९३४– ). मराठी नाट्यदिग्दर्शिका व अभिनेत्री. जन्म बडोदे येथे. माहेरचे आडनाव जयवंत. मुंबईत इब्राहिम अल्काझी व अदी मर्झबान यांच्याकडे त्यांनी नाट्यशिक्षण घेतले. १९६० साली विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे इत्यादींसह ‘रंगायन’ या प्रायोगिक संस्थेची स्थापना केली. नाटककार आयनेस्कोच्या ‘खुर्च्या’सारख्या नाटकांतून त्यांनी मराठी रंगभूमीला आधुनिक जाणिवेचा परिचय करून दिला.

तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील (१९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्हा) लेखकांशी त्यांचे नाते घनिष्ठ होते. त्यांपैकी चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘एक शून्य बाजीराव’ (१९६६) हे नाटक त्यांनी रंगमंचावर आणले. खानोलकरांनीच मराठीत आणलेले ब्रेख्टचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ त्यांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने सादर केले. याच भागातील आरवलीच्या जयवंत दळवींची ‘संध्याछाया’, ‘बॅरिस्टर’, ‘महासागर’ व ‘पुरुष’ ही नाटके त्यांच्या दिग्दर्शनामुळे व्यावसायिक रंगभूमीवरही गाजली. ‘बॅरिस्टर’मध्ये त्यांनी भूमिकाही केली. दळवींच्याच कथेवरील ‘रावसाहेब’ या हिंदी चित्रपटाचे दिग्दर्शन करून त्यातील भूमिकेसाठी त्यांनी राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) हेही त्यांचे महत्त्वाचे दिग्दर्शन.

नटाची शिस्तबद्ध तालीम, संहितेचे सूक्ष्म वाचन आणि संयत अभिनय ही त्यांच्या दिग्दर्शनाची वैशिष्ट्ये होत. प्रायोगिक आणि व्यावसायिक रंगभूमींतील अंतर कमी करणे, हे त्यांचे सर्वांत मोठे कार्य होय. त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९७५) व पद्मश्री (१९८७) हे सन्मान लाभले. ‘झिम्मा’ हे त्यांचे आत्मचरित्र २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.