बोट लागलेली माणसं

"तुमच्याकडे प्यायला पाणी नाही आणि तुला बोटीचा नाद कुठून लागला रे?"

हा प्रश्न मी आजवर किती वेळा ऐकलाय याचा हिशोब नाही. विचारणाऱ्याचं फार चुकतंय असंही नाही म्हणा. मी अंबाजोगाईचा, जिल्हा बीड. इथून कुठल्याही रस्त्यानं निघा, चारशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. खुद्द बीड शहरात प्रवासी रेल्वे पोचली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. अशा मुलखातला माणूस आगबोटींच्या गोष्टी सांगायला लागला की लोक गालातल्या गालात हसणारच.

पण हा नाद मला समुद्रावर लागला नाही. लागला तो इथेच, योगेश्वरीच्या देवळाजवळच्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर.

अंबाजोगाईची योगेश्वरी ही कितीतरी कोकणस्थ घराण्यांची कुलदेवी. देवीही मूळची कोकणातलीच, अशी कथा आहे. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, वऱ्हाड इथवर आलं, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी इथेच राहिली. गावाजवळच्या हत्तीखान्यातलं दगडी वऱ्हाड आम्ही लहानपणी मोजत बसायचो. तर, देवी राहिली आणि तिच्यामागे तिचं माहेर दर वर्षी येत राहिलं. मार्गशीर्षातल्या उत्सवाला अलिबाग, गुहागर, रत्नागिरीकडची मंडळी यायची. त्यातली काही आमच्याकडे उतरायची.

१९७० च्या आसपासची गोष्ट. मी सात-आठ वर्षांचा असेन. अलिबागकडून आलेल्या एक आजी ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या. आईला म्हणाल्या, "यंदा फार बोट लागली हो मला."

मी धावत आत गेलो आणि हळदीचा डबा घेऊन आलो. म्हटलं, "आजी, कुठलं बोट?"

ओसरीवर जो हशा पिकला तो मला आजही ऐकू येतो. आमच्याकडे बोट एकच, हाताचं. 'लागलं'च्या ऐवजी आजी 'लागली' म्हणाल्या, ते कोकणातलं बोलणं असेल अशी मी समजूत करून घेतली होती. आजींनी मला जवळ ओढून बसवलं आणि सांगितलं की पाण्यावर चालणारीही एक बोट असते, आणि ती 'लागली' म्हणजे पोटात ढवळतं, सगळं जग डोलायला लागतं. मग त्यांच्या मुलानं, म्हणजे काकांनी, कोळसा घेऊन ओसरीच्या फरशीवर अख्खी आगबोट काढून दाखवली. धुराडं, डेक, सुकाणू... सगळं.

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

दर मार्गशीर्षात ही मंडळी जमली की रात्री जेवणं झाल्यावर बोटीच्या गप्पा निघत. कोण कुठल्या बंदरात कसा उतरला, कुठल्या साली कुठल्या बोटीनं हाल केले, कुठला तांडेल कसा होता. हर्णै, दाभोळ, जयगड, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड... ही नावं मला शाळेतल्या नकाशाआधी पाठ झाली. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागायचीच नाही. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. खालीवर होणाऱ्या पडावात कडेवरच्या पोरासकट, ट्रंकेसकट उतरायचं. खलाशी दंडाला धरून अचूक क्षणी "हं, आता!" म्हणायचा. तो क्षण चुकला तर पाय पाण्यात. काका हे सगळं उभं राहून करून दाखवायचे आणि मी पडावात उतरणारा उतारू व्हायचो!

या गप्पांत मला कुणी कधी उपरं मानलं नाही. मला पोहता येत नव्हतं, मी समुद्र पाहिला नव्हता, माझी भाषा वेगळी होती. गावातली पोरं मला 'बोटवाला' म्हणून चिडवायची. ओसरीवर मात्र माझी जागा राखलेली असायची. असं का, याचं उत्तर मला पुढे वाचन वाढल्यावर थोडंफार कळलं.

कोकण किनाऱ्यावरच्या आगबोटींचा इतिहास १८४५ साली निघालेल्या बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीपासून सांगितला जातो. त्याआधी कोकणातून मुंबईला यायचं म्हणजे शिडाची गलबतं आणि मचवे, वाऱ्याच्या मर्जीवर. मुंबईत १८४१ साली लक्ष्मण अजिंक्य यांनी धक्का बांधला. लोक त्यांना भाऊ म्हणत, म्हणून तो भाऊचा धक्का. गिरण्या सुरू झाल्या आणि कोकणातला तरुण मुंबईला लागला, तो बहुतांशी बोटीनं. सह्याद्री आडवा, रस्ते वाईट, कोकणातून जाणारी रेल्वे तर १९९८ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं कोकणी माणसाची मुंबईची वाट पाण्यातूनच होती.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, स्वदेशीच्या वातावरणात, गोऱ्यांच्या कंपनीशी स्पर्धा करायला एक देशी कंपनी उभी राहिली. कागदोपत्री तिचं नाव भलंमोठं इंग्रजी होतं, त्यात 'को-ऑपरेटिव्ह' वगैरे शब्द होते. पण किनाऱ्यावरची माणसं तिला म्हणत, 'माझी आगबोट कंपनी'.

माझी!

मला या एका शब्दाचं फार अप्रूप वाटतं. ज्याच्याकडे डेकच्या तिकिटाचे पैसे जेमतेम असायचे तो माणूस कंपनीला 'माझी' म्हणतोय. आपण कधी म्हटलंय का 'माझी एस्टी'? लाल डब्यावर आमचंही प्रेम आहे, पण ते असं नाही.

गंमत म्हणजे सहलीसाठीच्या जलपर्यटनाची, म्हणजे ज्याला आपण आता क्रूझ म्हणतो त्याची गोष्ट जवळजवळ त्याच काळातली. जर्मनीच्या आल्बर्ट बालिन यांनी १८९१ च्या जानेवारीत 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट भूमध्य समुद्रात निव्वळ फिरण्यासाठी नेली. हिवाळ्यात अटलांटिकवर उतारू मिळत नसत, बोट बसून राहायची, म्हणून ही युक्ती. बरोबर २४१ उतारू होते. आमच्या डेकवरचा चाकरमानी काही फिरायला निघालेला नसायचा. पण तो वळकटी पसरायचा, शेजाऱ्याला दशमी द्यायचा, त्याच्याकडून विडी घ्यायचा, रात्री भजन नाहीतर पत्ते. समुद्र दोघांनाही सारखाच दिसत होता.

डेकवर कुणाचं गाव नसतं. सगळेच परगावचे. बोट लागली की भटजी आणि भंडारी एकाच कठड्याला धरून वाकणार. जमिनीवर पाळलेली अंतरं पाण्यावर पूर्ण गळून पडत होती असं मी म्हणणार नाही, तेवढा भाबडा मी नाही. पण रात्रभराच्या प्रवासात ती सैल व्हायची, हे मला त्या गप्पांवरून दिसत होतं. त्या लोकांना अनोळखी माणसाला जागा करून द्यायची सवयच लागून गेलेली होती. तीच सवय घेऊन ते आमच्या ओसरीवर येत. मी तिथे घुसलेला आणखी एक उतारू, इतकंच.

आजी तर निजामाच्या काळापासून येत होत्या. तेव्हा आमच्या गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथे यायचं म्हणजे मुंबई इलाखा सोडून हैदराबाद संस्थानात शिरायचं. रेवसहून बोटीनं मुंबई, तिथून रेल्वेनं कुर्डुवाडी, मग १९११ साली लातूरपर्यंत आलेली बार्शी लाइटची छोटी गाडी, आणि पुढे मिळेल त्या वाहनानं अंबाजोगाई. "एवढ्या सगळ्यात बोटच बरी," आजी म्हणायच्या, "लागते, पण माणसं भेटतात."

आता ती गोष्ट सांगतो जी त्या ओसरीवर अनेक वर्षं कुणी काढली नव्हती.

माझं बारावं वर्ष असेल. मी कुठेतरी 'रामदास' बोटीबद्दल वाचलं आणि मोठ्या उत्साहानं गप्पांत विचारलं, "काका, रामदास कशी बुडाली?" सगळे गप्प. आजी उठून आत गेल्या. काकांनी मग शांतपणे सांगितलं.

१७ जुलै १९४७. आषाढ अमावास्येचा सुमार. पावसाळ्यात कोकणच्या लांब पल्ल्याच्या बोटी बंद असत, पण रेवसची फेरी चालू असे. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' भाऊच्या धक्क्याहून निघाली. खच्चून भरलेली, कारण सणासाठी गावी जाणारे चाकरमानी. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांनी ती कलंडली. घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि बोट उलटली. मुंबईत बातमी पोचायला दुपार टळून गेली. सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं होतं.

त्यात काकांचा थोरला भाऊ होता. मुंबईत नोकरी करायचा. काका तेव्हा चौदा वर्षांचे. ते रेवसच्या धक्क्यावर त्याला घ्यायला आले होते, भावाचं सामान उचलायला. अंधार पडेपर्यंत उभे होते.

मला काय बोलावं कळेना. बोटीचं नाव ज्यांच्यावरून ठेवलं ते समर्थ आमच्या गोदेकाठचे, पलीकडच्या जांब गावात जन्मलेले. मला उगाचच वाटून गेलं की यात आमचाही काही दोष आहे. लहान मुलाला काहीही वाटतं. मी आत जाऊन आजींना म्हटलं, "आजी, पुन्हा नाही विचारणार."

त्या म्हणाल्या, "विचार की. बोटीवर राग धरून कुठं जाणार बाळा? गावाला तीच नेते."

त्यानंतर मला त्या गप्पा वेगळ्या ऐकू यायला लागल्या. हसण्यावारी नेलेल्या प्रत्येक हकिकतीखाली काय आहे ते कळायला लागलं. ही हौशी मंडळी होती, पण समुद्र म्हणजे काय हे पुरतं माहीत असलेली.

मोठा झालो, नोकरी लागली. कोकण बोटीनं पणजीपर्यंत जायचं हे स्वप्न होतं. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही मोगल लाइनच्या बोटींची नावं मला तोंडपाठ होती. सकाळी मुंबईहून निघायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी. आज जाऊ, उद्या जाऊ, आधी बहिणीचं लग्न, मग घराचं कर्ज... आणि १९९० पर्यंत ती नियमित सेवाच उरली नाही. माझा मुहूर्तही टळला. योगेश्वरीच्या गावचाच मी!

१९९४ साली मात्र काकांनी पत्र पाठवून बोलावून घेतलं. आजी तेव्हा नव्हत्या. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलो. माझा पहिला समुद्रप्रवास, वय वर्षं बत्तीस. अर्ध्या वाटेवर काका बोलता बोलता थांबले, एका दिशेला पाहून हात जोडले. मीही जोडले. मग शेजारी एक बाई पोराला घेऊन अवघडून उभी होती, तिला काकांनी सरकून जागा करून दिली आणि विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

आणि मला बोट लागली. कठड्याला धरून वाकलो तेव्हा काका पाठीवर हात ठेवून हसत होते. "आता खरा आमच्यातला झालास," म्हणाले.

आजकाल परत बोटींचे दिवस आलेत. २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली आणि दोन वर्षांत थांबली. मुंबईहून मोठ्या क्रूझही निघू लागल्या. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट नेणारी रो-रो २०२० पासून आहे. भाचा म्हणतो, मामा, तिकीट काढतो, चला.

जाईन. पण आमच्या भागातला माणूस आणि बोट यात हसण्यासारखं काही नाही, हेही त्याला सांगायचंय. ज्यांनी १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, ज्यांची 'लॉयल्टी' त्याच वर्षी ५ एप्रिलला मुंबईहून इंग्लंडला निघाली आणि ज्या दिवसाची आठवण म्हणून आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, ते वालचंद हिराचंद आमच्या शेजारच्या सोलापूरचे. तिथे तरी कुठे समुद्र होता?

समुद्र जवळ असावा लागतो असं नाही. कुणीतरी सरकून जागा करून द्यावी लागते. मला ती मिळाली, चारशे किलोमीटर आत, एका ओसरीवर.

फरशीवरची कोळशाची बोट आईनं दुसऱ्याच दिवशी धुऊन टाकली होती. असो. मार्गशीर्ष जवळ आलाय. ओसरी झाडून ठेवायला हवी.