काचेच्या आतले दव

हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले की उभ्या मोटारींच्या टपांवरचा पांढरा थर वर्तमानपत्रांत हमखास छापून येतो. थंड देशांतील चालकाला मात्र या बाहेरच्या बर्फापेक्षा आतल्या दवाने जास्त छळले. बाहेरचा बर्फ निघण्यापूर्वी खरवडता येतो. चालत्या गाडीत काच आतून धुरकटली की समोरचा रस्ताच नाहीसा होतो. या संकटातून हीटरने सोडवले, असे सर्रास समजले जाते. माझ्या मते श्रेयाचा मोठा वाटा वाऱ्याचा आहे.

दव आकाशातून पडते, हा समज जुना. लंडनचे वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी तो तापमापकाने तपासला. निरभ्र रात्री गवत, लोकर अशा वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात आणि मग हवेतली वाफ त्यांच्यावर धरते, हे त्यांनी १८१४ साली दवावरील निबंधात मांडले. रॉयल सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक दिले. रात्रभर उघड्यावर उभ्या मोटारीचे टप आणि काचा हेच करतात. २० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते; शून्य अंशाला पाच ग्रॅमसुद्धा नाही. उरलेली वाफ थंड काचेवर बसते आणि काच शून्याखाली गेली की तिथेच गोठते.

ही वाफ येते प्रवाशांच्या श्वासातून, ओल्या कोटांतून, बुटांना चिकटलेल्या बर्फातून. सुरुवातीच्या उघड्या मोटारींत ती वाऱ्यावर उडून जाई. मेरी अँडरसन यांनी १९०३ साली ज्या वायपरचे पेटंट घेतले, तो काचेची बाहेरची बाजू पुसणारा होता. पुढे अमेरिकेत बंद मोटारी आल्या. १९१९ साली विकल्या गेलेल्या मोटारींत त्या जेमतेम १० टक्के होत्या. १९२७ पर्यंत ८० टक्क्यांच्या वर गेल्या. थंडी बाहेर राहिली, पण श्वास आत कोंडला.

१९३०च्या दशकातले बहुतेक हीटर इंजिनाच्या गरम पाण्यावर चालत आणि आतलीच हवा पुन्हापुन्हा तापवत. पाय शेकत, पण वाफ गाडीतच राही. १९३८च्या नॅश मोटारीने वाट बदलली. तिने बाहेरची थंड हवा गाळून, तापवून आत घेतली. थंड हवेत मुळातच वाफ कमी असते. ती तापली की कोरडी होते आणि काचेवरचे दव शोषून घेते. बाहेरची गारठलेली हवा काच सुकवते, हे ऐकायला उलटे वाटते, पण सारे मर्म त्यातच आहे.

आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाटही हवी. ब्रिटिश फोर्डने १९६४ साली कॉर्टिना मोटारीत पुढून हवा घेऊन मागच्या खांबांतील झरोक्यांतून ती सोडण्याची सोय केली. खिडकी न उघडता वारा खेळू लागला. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून विंडशील्डवरचे बर्फ आणि धुके हटवणारी यंत्रणा नव्या मोटारींत सक्तीची झाली. चालकाला समोरचे दिसणे ही चैन नाही, सुरक्षिततेची अट आहे, हे कायद्याला पटायला बंद मोटारींचे अर्धे शतक जावे लागले.

आजच्या मोटारीत हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण असते. थंडीत ऊब टिकावी म्हणून ते दाबून ठेवणारा चालक नकळत १९३८च्या आधीच्या गाडीत जाऊन बसतो. बाहेरची हवा घ्यावी, गरम झोत काचेवर सोडावा. एसी असल्यास तोही लावावा, कारण तो हवेतले पाणी काढून घेतो. ओली पायपुसणी आत ठेवू नयेत. गाडी उभी करण्यापूर्वी दारे क्षणभर उघडून आतली दमट हवा जाऊ द्यावी. आपल्या घाटांत पावसाळ्यात काच आतून धुरकटते, तेव्हाही कारण तेच असते. फडक्याने काच पुसली जाते. श्वास चालूच असतो. त्याला बाहेर जायला वाट लागते.